सात वर्षं थांबा म्हटलं होतं

भागवतअण्णांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवल्यावर पंधरा मिनिटं मी पानं कचऱ्यात आणि काड्या भाजीत टाकत बसले होते. ते नवऱ्याने दाखवून दिलं तेव्हा लक्षात आलं.

"म्याडम, संगमनेरकडनं भागवत बोलतोय. सात वर्षं भरली बगा. आता कवा येताय?"

कशाची सात वर्षं हे मला विचारावं लागलं नाही. मी पाटावरून उठून खुर्चीवर बसले.

तुम्हाला आधी नीट सांगते, नाहीतर वाटेल ही बाई कुठे निघाली आणि का घाबरली. आम्ही तिघं जण गेली बरीच वर्षं जुन्या पद्धतीच्या, मुरवलेल्या लाल वाइनच्या नादी लागलेलो आहोत. नाद म्हणजे तसला नाद नव्हे हो! दोन घोट घ्यायचे आणि त्यावर दोन तास भांडायचं, एवढंच. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. दुसरे डॉक्टर मेहेंदळे, पुण्यातले दातांचे डॉक्टर. तिसऱ्या ग्रेसताई साळवे, नगरच्या, मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या आणि अजूनही समोरच्याला पेशंट समजून बोलणाऱ्या.

सात वर्षांपूर्वी आम्ही संगमनेर तालुक्यात अण्णांकडे पहिल्यांदा गेलो. अण्णा नाशिककडच्या एका वायनरीत पंचवीस वर्षं टाक्या सांभाळायचे. तिथून सुटल्यावर गावी आले, छोटं लायसन काढलं आणि आपल्या द्राक्षाच्या तुकड्यातून स्वतःच्या हातांनी, म्हणजे खरं तर पायांनी, वाइन केली. दगडी डोणीत द्राक्षं तुडवायची, सालांसकट महिनाभर आंबू द्यायची, मग वायनरीतून आणलेल्या जुन्या लाकडी पिंपात मुरवायची. यंत्र नाही, गाळणी नाही. मग बाटल्यांत भरायची; सगळ्या मिळून दोनशे बाटल्या. पण नेमके त्याच वर्षी त्यांचे वडील गेले आणि घरातली माळ अण्णांच्या गळ्यात आली. माळकरी माणूस. त्या दिवसापासून थेंबही तोंडात घ्यायचा नाही. आता पंचवीस वर्षं ज्यात घालवली ती वाइन स्वतः केली, तर चाखणार कोण? म्हणून आम्हाला बोलावलं होतं. माझ्यापुढे पेला ठेवून म्हणाले, "तुमी शिकलेल्या. तुमी सांगा, कवा काढायची?"

मी पेला उजेडात धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "अण्णा, अजून सात वर्षं हात लावू नका."

सातच का? देवाशप्पथ, मला आजही सांगता येणार नाही. नवी वाइन कच्च्या पेरूसारखी जीभ आवळत होती आणि मला तिच्यातलं काही म्हणता काही कळलेलं नव्हतं. आम्हा शौकिनांना एक खोड असते. कळलं नाही की "थांबा" म्हणायचं. थांबा म्हटलं की माणूस जाणकार दिसतो, आणि कोणी लगेच पडताळा घ्यायला येत नाही. मी तेवढं सांगून, शेंगोळ्यांवर ताव मारून पुण्याला आले आणि पार विसरून गेले.

"चांगली निघाली तर द्राक्षाचा तुकडा ठिवायचा," अण्णा फोनवर म्हणाले. "न्हाईतर सून म्हनती डाळिंब लावू. मी म्हनलं, म्याडम यिऊन सांगतील तसं."

"जा आता निस्तरायला," नवरा म्हणाला, आणि मेथीची पानं कचऱ्यातून उचलू लागला.

नगर, शुक्रवार

मेहेंदळ्यांच्या गाडीतून निघालो. पुणे-नगर रस्त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना नको असेल आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांचं काही अडलेलं नाही. माझ्या मांडीवर ओल्या टॉवेलात गुंडाळलेली एक इटलीची बाटली होती, पंधरा वर्षं मुरलेली. मेहेंदळ्यांच्या भाच्याने आणली होती. अण्णांची चाखण्याआधी तोंडाला सवय व्हावी म्हणून ती आदल्या दिवशी उघडायची, असा डॉक्टरांचा बेत. फेब्रुवारी सरत आला होता, ऊन चांगलंच चटकत होतं, आणि बाटली तापू नये म्हणून मी दर अर्ध्या तासाने टॉवेलावर पाणी शिंपडत होते. भिंगारला ग्रेसताईंच्या दारात उतरले तेव्हा माझी सलवार गुडघ्यापर्यंत ओलीचिंब. शेजारच्या बाई फाटकाशी उभ्या राहून निरखून बघत होत्या. त्यांना काय समजावणार? मी सरळ आत शिरले.

रस्त्यावरच्या सगळ्या पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं, पण ग्रेसताईंनी दारातच विचारलं, "नगरात यायला एवढा उशीर?"

त्यांनी कोंबडीचा रस्सा केला होता आणि कॅम्पातल्या बेकरीचे कडक पाव आणले होते. डॉक्टरांनी बाटली उघडली आणि हुकूम सोडला, "दोन तास कोणी हात लावायचा नाही. तिला श्वास घेऊ दे."

"माणसं भुकेली बसलीत आणि बाटलीला कसला श्वास?" ग्रेसताई म्हणाल्या आणि त्यांनी ओतलीसुद्धा.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा काहीच लागलं नाही. पातळ, आंबटसर, रंग जुन्या विटेचा. मग रस्सा संपत आला तशी ती हळूहळू उघडायला लागली. वाळलेल्या गुलाबाचा वास, थोडा डांबराचा, आणि मागे कुठेतरी कातड्याचा. आम्ही तिघंही गप्प झालो, आणि आमच्यात हे फार क्वचित घडतं.

"ही खरी पद्धत," डॉक्टर म्हणाले. "मोठं जुनं पिंप, चार-पाच वर्षं आत आणि मग बाटलीत. हल्ली छोट्या नव्या पिंपात कोंबतात. ती वाइन नव्हे, व्हॅनिला आइस्क्रीम."

"मला आइस्क्रीमही आवडतं," ग्रेसताई म्हणाल्या. "जुनं म्हणजे चांगलंच, हे कोणी सांगितलं? माझी आई नाताळची वाइन करायची. ईस्टरपर्यंत संपवायची. ईस्टर उलटला की आंबायची."

"का आंबायची?" डॉक्टरांनी विचारलं.

"अहो, ती पूड घालत नव्हती ना. गंधकाची. बाजारच्या वाइनमध्ये चिमूटभर घालतात ना, टिकावी म्हणून." मग पाव रश्श्यात बुडवता बुडवता त्या माझ्याकडे वळल्या. "सुलभा, तुझ्या अण्णांनी घातली होती का गं?"

मी हातातला पाव ताटात ठेवला.

मी विचारलंच नव्हतं. तीस वर्षं पोरांना हवेने पदार्थ कसे बिघडतात हे फळ्यावर मांडून शिकवलं, आणि सात वर्षं थांबा सांगताना हा एक प्रश्न मला सुचला नाही. पूड घातलेली असेल तर सात वर्षं ठीक. नसेल तर त्या बाटल्यांत आज काय असेल, हे अकरावीतल्या पोरालाही सांगता आलं असतं.

"घातलीच असेल," मी म्हटलं. "वायनरीत काम केलेला माणूस. घातल्याशिवाय राहील का?"

"तू स्वतःलाच सांगतेयस की मला?" ग्रेसताईंनी विचारलं. इटलीच्या बाटलीतलं उरलेलं सगळं डॉक्टरांनी संपवलं, आणि माझ्या पेल्यातल्या शेवटच्या घोटाची मला चवही आठवत नाही.

संगमनेरच्या वाटेवर, शनिवार

सकाळी निघालो. राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि साखर कारखान्याच्या मळीचा तो गोड, कुजकट वास गाडीत शिरला. डॉक्टरांनी घाईघाईने काचा वर केल्या. "नाकं सांभाळा! आज नाकांची परीक्षा आहे." चहाच्या टपरीवर त्यांनी मला आल्याचा चहा घेऊ दिला नाही. आल्याने जीभ भाजते म्हणे. ग्रेसताईंनी समोर उभं राहून दोन कप घेतले.

पुण्यात आमच्या चाखण्याच्या बैठका होतात तेव्हा हातात कागद असतो. रंगाला एवढे गुण, वासाला एवढे, आणि कोणी दुसऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही. वाइन करणारा समोर नसतो. तो कुठल्यातरी देशात असतो आणि तुमच्या गुणांनी त्याच्या आयुष्यात काडीचाही फरक पडत नाही. म्हणून जीभ सैल सुटते. इथे समोर अण्णा असणार होते.

मी गाडीत वाक्यं जुळवत होते. "अण्णा, ही वाइन आपल्या प्रवासाच्या उत्तरार्धात पोचलेली आहे" असं एक वाक्य मला बरं वाटलं. ग्रेसताईंना म्हणून दाखवलं.

"म्हणजे मेली?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही…"

"मेली तर मेली म्हण. मी चाळीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना सांगत आले. गोल गोल बोललं की माणसं जास्त वेळ आशेला लागतात." मग माझ्या मांडीवर थोपटून म्हणाल्या, "अजून चाखलीही नाहीस. आत्तापासून मयताला का निघालीस?"

संगमनेर ओलांडलं, प्रवरेचं पात्र मागे पडलं आणि डोंगराच्या पायथ्याचा कच्चा रस्ता लागला. एका खड्ड्यात गाडी आपटली आणि मागून खळकन आवाज आला. डॉक्टर खास पेट्यांतून सहा नाजूक पेले घेऊन आले होते, त्यातले तीन फुटले. डॉक्टरांचा चेहरा बघवत नव्हता. लाज वाटते सांगायला, पण मला क्षणभर वाटलं, सगळे सहा फुटले असते तर आज चाखणं रद्द झालं असतं.

अण्णा फाटकाशी उभे होते. सत्तरीचे, काटकुळे, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. पंक्तीला पाहुणे यावेत तसं अंगण सारवून ठेवलेलं. मागे गोठा, दुधाचे कॅन, आणि उतारावर तो द्राक्षाचा तुकडा. काळी, छोटी, घट्ट लगडलेली द्राक्षं. येत्या पंधरवड्यात तोडणी होती.

"या म्याडम, या! लई वाट बघाया लावली."

गावातले लोक हसतात म्हणे, माळ घालून वाइन करतो म्हणून. अण्णांनीच सांगितलं. "मी त्यांना म्हनतो, हलवाई समदे पेढे सोता खातो का?" असं म्हणून ते खळखळून हसले, आणि मला आणखीच अपराध्यासारखं वाटलं.

पाणी द्यायला आलेली सून, अर्चना, मला हळूच स्वयंपाकघराच्या बाजूला घेऊन गेली. तीस-बत्तीसची, डेअरीचं सगळं तीच बघते. "म्याडम, एक सांगू का? खरं काय आसंल ते सांगा. बाबांनी सात वर्षं दुसरी वाइन केलीच न्हाई. ही कशी निघती ते बघू, मंगच पुढची, म्हनायचे. दर साली द्राक्षं कंपनीला देऊन टाकायची. गेल्या साली मी हट्टानं एक पिंप भरायला लावलं, तेवढंच."

सात वर्षं केलीच नाही! म्हणजे माझ्या एका फुशारकीच्या शब्दाने दोनशे बाटल्याच नव्हे, तर एका माणसाची सात वर्षं कुलूपबंद झाली होती. आणि तो माणूस बाहेर डॉक्टरांना आनंदाने गोठा दाखवत होता.

बाटल्या पेवात होत्या. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्य साठवायचं जुनं कोठार. गोठ्याच्या पलीकडे जमिनीत माणूस उतरेल एवढं तोंड, आणि खाली उतरलं की खोली. आतली हवा खराब असू शकते म्हणून अर्चनाने आधी दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडला. आम्ही चौघं तोंडाभोवती वाकून बघत होतो. ज्योत लवलवली, बारीक झाली, मग पुन्हा सरळ उभी राहिली. अण्णा शिडीने उतरले आणि बाजरीच्या भुसात आडव्या ठेवलेल्या बाटल्यांतल्या तीन घेऊन वर आले. प्रत्येक बाटली धोतराच्या सोग्याने पुसून त्यांनी ओसरीवरच्या घोंगडीवर मांडली.

मग ते आमच्यासमोर मांडी घालून बसले. त्यांना पेल्याकडे बघायचं नव्हतं. ते आमच्या तोंडांकडे बघत होते.

पहिल्या बाटलीचं बूच निम्म्यात तुटून चुरा झालं. रंग विटकरी, कडेला जवळजवळ चहासारखा. डॉक्टरांनी नाक खुपसलं. "वा! ट्रफल!"

"डॉक्टर, तुम्ही ते परदेशी अळंबं, ट्रफल, खाल्लंय?" ग्रेसताईंनी विचारलं.

"वाचलंय," डॉक्टर म्हणाले.

ग्रेसताईंनी घोट घेतला आणि पेला हळूच लांब सरकवून ठेवला. तेव्हाच मला कळलं. मी पेला उचलला. आधी शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, तो झोंबरा वास. मग पातळ, आंबट चव. आणि अगदी शेवटी, घोट गिळून गेल्यावर, फार लांबून आल्यासारखा वाळलेल्या बोरांचा वास. म्हणजे इथे काहीतरी होतं. फार चांगलं होतं. कधीतरी.

दुसरी उघडली. तशीच. तिसरी जरा बरी, पण जरा बरी म्हणजे थोडी उशिरा मेलेली.

"काय म्हनती?" अण्णांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

डॉक्टरांनी मला कोपराने ढोसलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सांगा ना, अजून दोन वर्षं ठेवा म्हणून. त्यांचंही मन राहील, आपलंही."

माझ्या जिभेवर आलं होतं हो ते वाक्य. खोटं कशाला बोलू? अगदी ओठांपर्यंत आलं होतं. दोन वर्षं थांबा. अण्णांनी मान हलवली असती, आम्ही जेवलो असतो, मी घरी येऊन सुटकेचा निःश्वास टाकला असता. दोन वर्षांनी काय व्हायचं ते होवो. किती सोपं होतं! ग्रेसताई माझ्याकडे बघत होत्या, अर्चना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"अण्णा," मी म्हटलं, "हिच्यात तुम्ही गंधकाची पूड घातली होती का?"

"न्हाई. जुन्या रीतीनं करायची म्हनल्यावं पूड कशाला?"

"मग ही तीन-चार वर्षं टिकणारी होती. हे पेव थंड म्हणून तेवढी तरी. सात नाही. मी तेव्हाच विचारायला हवं होतं, नाही विचारलं." मला वाटलं होतं इथे थांबता येईल, पण थांबता येईना. "आणि अण्णा, त्या दिवशी मला काही कळलंच नव्हतं. मी चाखली आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून थांबा म्हटलं. सात हा आकडा मी असाच ठोकून दिला. ही वाइन गेली. माझ्यामुळे गेली."

डॉक्टर पेला पुसत बसले. अण्णांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा टोपी घातली.

"तिसऱ्या वर्साला मी एक बाटली फोडली हुती," ते म्हणाले.

मी वर बघितलं.

"तोंडात न्हाई घेतली. निस्ता वास घेतला. समदी खोली भरली हुती, म्याडम. वाळली बोरं. नवी वहान. आन देवावरची गुलाबाची फुलं दुसऱ्या दिशी काढताना वास येतो बगा, तसला. मी हिला म्हनलं, झाली, ही तयार झाली. रातभर झोप न्हाई मला आनंदानं." ते जरा थांबले. "मंग म्हनलं, म्याडमनी सात सांगितलीत. त्यांना आपल्यापरीस कळतं. बूच ठोकलं आन ठिवून दिली."

मला रडू आलं. साठी उलटलेली बाई मी, चारचौघांत ओढणीने डोळे पुसत बसले. त्यांच्या नाकाने चार वर्षांपूर्वी बरोबर सांगितलं होतं. त्या नाकाला गप्प बसवलं ते माझ्या फुकाच्या शब्दाने.

"अण्णा, तुम्ही चिडा तरी माझ्यावर," मी म्हटलं.

"राग आलाय की. लई आलाय," अण्णा म्हणाले. "पन आदी जेवून घ्या. भाकरी गार हुतीय."

जेवणात मासवडी होती. बेसनाच्या लाटीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी आणि वर झणझणीत रस्सा. अर्चनाच्या सासूबाईंनी पहाटे उठून केली होती. पुण्यात मासवडी मागवली की मी तीन वाट्या रस्सा पिते. इथे मी पहिलाच घास मोडून बसले होते, आणि अण्णा स्वतः वाढत होते. "घ्या की अजून. वाइन गेली, वडी न्हाई गेली." ते हे हसून म्हणाले की चिडून, हे मला ओळखता आलं नाही. मी ताट स्वच्छ केलं. दुसरं काय करणार होते?

जेवण झाल्यावर अण्णा उठले आणि म्हणाले, "चला." मला वाटलं गाडीपर्यंत पोचवायला निघाले. पण ते गोठ्याशेजारच्या खोलीत शिरले. तिथे ते एकटं पिंप होतं, गेल्या वर्षी सुनेने भरायला लावलेलं. त्यांनी पिंपाच्या भोकातली लाकडी गुडदी काढली, वाटीभर वाइन काढून माझ्यापुढे धरली.

"हिचं सांगा."

काळीकुट्ट, दाट, कोवळी वाइन. मी घोट घेतला. पुन्हा तोच कच्चा पेरू, तीच आवळलेली जीभ. आणि पुन्हा मला काही कळलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी सात वर्षांपूर्वीसारखे.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हंजी?"

"म्हणजे माहीत नाही, अण्णा. मला कळत नाही. तुम्हाला कळतं. तुम्ही सांगा."

"मी तर चाखत न्हाई."

"तेव्हाही चाखली नव्हतीत."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग पिंपाशी गेले, दोन्ही हात टेकून वाकले आणि गुडदीच्या भोकावर नाक ठेवलं. डोळे मिटले. माळ लाकडाला घासून बारीक आवाज करत होती. इतका वेळ ते तसेच उभे राहिले की डॉक्टर अस्वस्थ होऊन घड्याळ बघायला लागले. ग्रेसताईंनी त्यांचा हात खाली केला.

"हिच्यात पूड हाय," अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

अर्चनाने जीभ चावली. "चिमूटभरच घातली बाबा. मोबाईलवर बघून. तुमी गावाला गेल्ता तवा."

मला वाटलं आता भडकतील. अण्णा म्हणाले, "बरं केलंस. जास्त न्हाई पडली." मग सरळ उभे राहिले. "दिवाळीला काढायची. त्याच्या आदी न्हाई, मागंबी न्हाई."

अर्चनाने खडू घेऊन पिंपावर दिवाळी असं लिहिलं. मग विचारलं, "आन डाळिंब?"

"डाळिंब तुझ्या म्हायेरी लाव," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच ती मोकळेपणी हसली.

आम्ही निघालो. डॉक्टरांनी उरलेले तीन पेले अण्णांना देऊन टाकले. नको नको म्हणत अण्णांनी ते घेतले, दोन्ही हातांत धरून. ग्रेसताई गेलेल्या बाटल्यांबद्दल अर्चनाला बजावत होत्या, शिरका नीट होऊ दे, लोणच्याला घाल, टाकू नकोस. मी गाडीत बसले, काच खाली केली. अण्णा खिडकीशी आले.

"दिवाळीला यायचं, म्याडम."

"येईन अण्णा."

"प्यायला या," अण्णा म्हणाले. "सांगाया नगा यिऊ."